दोर वाढलाय

मला उंचीची भीती वाटते हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना "एवढं काय घाबरायचं त्यात" असं कुणी म्हणायला नको. पंख्यावरची धूळ पुसायला स्टुलावर चढायचं असेल तर मी नवऱ्याला हाक मारते. आमचा अकोल्याकडचा मुलूख सपाट. शेताच्या धुऱ्यावर उभं राहिलं तरी पार क्षितिजापर्यंत कपाशी दिसते, त्यामुळं पन्नाशी गाठेपर्यंत या भीतीनं मला फारसा त्रास दिला नव्हता. मुळशीत तिनं सगळं व्याजासकट वसूल केलं.

भुकूम

माझी धाकटी बहीण पमी भुकूमला राहते, एका नव्या सोसायटीत, सहाव्या मजल्यावर. तिचा नवरा कामानिमित्त परदेशी गेला होता, म्हणून दिवाळीच्या आधी चार दिवस तिच्याकडं जायचं ठरवलं. तिच्या बाल्कनीतून डोंगर दिसतात आणि त्यांचं तिला फार कौतुक. "ताई, व्ह्यू बघ ना, त्यासाठीच तर घेतलाय फ्लॅट," असं ती सारखी म्हणायची. मी ते डोंगर स्वयंपाकघरातल्या ओट्याजवळून, मान लांब करून पाहिले. छान होते.

पण मी आले होते ते केवळ डोंगर बघायला नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या शाळेशेजारी एक इमारत उभी राहत होती, तिथं सिमेंटची पोती वर चढवणारा पाळणा होता. त्याच्या दोरावर एक लोखंडी जबडा बसवलेला असायचा. मी एकदा तिथल्या कामगाराला ते काय आहे म्हणून विचारलं. "दगडू है, दीदी. रस्सी टूटी तो दगडू पकड़ लेता है," तो म्हणाला. दगडासारखं जड असतं म्हणून दगडू म्हणत असतील, अशी मी माझी समजूत करून घेतली आणि मुलांनाही तेच ठोकून दिलं.

नंतर एकदा फोनवर पमीला हे सांगत होते, तेव्हा तिच्याकडं कामाला येणारी उरवड्याची शांताबाई मागून म्हणाली, "ह्ये तर आमच्या माहेरच्या मिस्त्रींचं नाव. त्यांनीच केलंया त्ये." मी चाटच पडले. ज्याचं नाव देशभरच्या बांधकामांवर रोज घेतलं जातं, तो एक जिताजागता माणूस होता, मुळशीतल्या एका वाडीत राहत होता, आणि त्याची मुलगी अजून तिथंच आहे. तेव्हापासून मला तिथं जायचं होतं.

पौडच्या पुढं

शांताबाईनं माहेरी निरोप धाडला आणि आम्ही दोघी पमीच्या गाडीतून निघालो. पिरंगुटपर्यंत कंपन्यांच्या बसगाड्या, टेम्पो, वडापावच्या गाड्यांवरची गर्दी. पौड मागं पडलं आणि रस्ता मोकळा झाला, म्हणजे माझ्या दृष्टीनं बिघडला. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. पमी एका हातानं गाडी चालवायची आणि दुसऱ्या हातानं मला धरणाचं पाणी दाखवायची. मी दोन्ही हातांनी सीटबेल्ट धरून बसले होते.

"ताई, श्वास घे," ती म्हणाली.

"तू रस्त्याकडं बघ," मी म्हटलं.

पाऊस सरला होता, भात पिवळा पडू लागला होता. अधूनमधून प्लॉट विकण्याचे मोठाले फलक, त्यावर हसरी कुटुंबं. डांबरी रस्ता संपल्यावर गाडी एका पडवीपाशी लावली आणि पुढं पायवाटेनं चढलो. आमच्याकडं वाट माणसाला नेते. इथली वाट माणसाला टाकून देण्याची संधी शोधत होती. मी झुडपं धरून धरून चालले आणि तळहात ओरबाडून घेतले.

वाडी

सोनाबाई, म्हणजे दगडू मिस्त्रींची मुलगी, दारातच उभ्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या, काटक, कपाळाला मोठं कुंकू. "आल्या का अकोल्याच्या बाई? घाबरल्यावानी दिसतायसा," हेच त्यांचं स्वागत. त्यांनी तांदळाची भाकरी, खेकड्याचा रस्सा आणि वाफाळता आंबेमोहोर पुढ्यात ठेवला. आमच्याकडं पाहुण्याला आधी चहा, मग गप्पा, मग जेवण. इथं उलटं, जेवल्याशिवाय कुणी बोलायलाच तयार नाही. खेकडा कसा फोडायचा ते मला येईना, तेव्हा सोनाबाईंनी माझ्या ताटातली नांगी उचलून सरळ आपल्या दातांनी फोडून परत ठेवली. मी निमूट खाल्ली आणि ती फारच चवदार होती.

जेवताना मी एकदा "दगडू" म्हटलं तर घरातल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. वडीलधाऱ्याचं नाव इथं कुणी तोंडानं घेत नाही. ज्या जबड्याला सगळा देश दगडू म्हणतो, त्याला त्यांच्या स्वतःच्या वाडीत तात्या म्हणतात. म्हशीचं दूध पलीकडं धाडताना "तात्या बसवलाय न्हवं?" अशी चौकशी होते.

मग सोनाबाईंनी तात्यांची गोष्ट सांगितली. वाडीच्या पुढं खोल घळ आहे, खाली ओढा. पलीकडं दुसरी वाडी. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की दोन्ही वाड्यांचा संबंध तुटायचा, आणि पौडला जाणारी वाट पलीकडून होती. सोनाबाई लहान असताना त्यांची आई दुसऱ्या खेपेला अडली. ऐन आषाढात. तिला झोळीत घालून, दोराला बांधून पलीकडं न्यायचं ठरलं. काठावर चार-पाच माणसं दोर धरून होती.

"मधीच झोळीनं हिसका दिला," सोनाबाई म्हणाल्या. "मानसं भ्याली. दोर सुटला हातातनं. मुद्दाम कुनी न्हाई सोडला, बाई. सगळी आमचीच मानसं. पर भ्याली."

पमीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मात्र ती भ्यालेली माणसं अगदी समजत होती. मी तिथं असते तर सगळ्यात आधी माझाच हात सुटला असता.

दगडू मिस्त्री सुतारकाम आणि लोहारकाम दोन्ही करायचे. बायको गेल्यावर ते कुणाशी बोलेनासे झाले, रात्रंदिवस भात्यापाशी बसायचे. मग त्यांनी घळीवर तारेचा जाड दोर ताणला. त्यावर दोन चाकांनी लोंबणारा लाकडी पाळणा सोडला, आणि पाळणा ओढायला दोन्ही काठांकडून एकेक साधा दोर. चाकांजवळ तो जबडा. ओढायचा दोर ताठ असला की जबडा उघडा राहतो. दोन्हींपैकी एक जरी दोर ढिला पडला की जबडा पडतो आणि तारेला चावून पाळणा जागच्या जागी थांबवतो.

"पैल्यांदा तात्या सोता बसले," सोनाबाई म्हणाल्या. "मधी गेल्यावर आमच्या चुलत्याला म्हनले, काप दोर. चुलत्याच्या हातात कोयता, पर हात उठंना. तात्या तितनं वरडले, काप म्हंतो ना! कापला. अन् थांबला की पाळणा."

चावलेला जबडा उघडायचा तर एक लाकडी दांडा वर ओढून धरावा लागतो, आणि तो दांडा पाळण्याच्या आत असतो. काठावरून तो सुटत नाही. पुढं लोक म्हणायचे, काठावरून सोडायची सोय करा, बरं पडेल. तात्यांनी ती शेवटपर्यंत केली नाही. बसलेल्याला सोडायचा हक्क बसलेल्यालाच, असं म्हणायचे.

आई सवाष्ण गेली होती, म्हणून वाडीतल्या बायकांनी तिच्या नावानं ओढायच्या त्या पहिल्या दोराची ओटी भरली. अजून दर वर्षी नवरात्रात भरतात. मी हे सगळं मनात टिपून घेत होते, मुलांना सांगायला. हे पुढं माझ्याच गळ्याशी येणार आहे, याची मला काय कल्पना!

घळ

तात्यांचा भाता, ऐरण आणि त्यांनी हातानं घडवलेला पहिला जबडा पलीकडच्या वाडीत, त्यांच्या भावाच्या पडवीत ठेवला आहे. तिकडं जायचा जीपचा रस्ता डोंगराला वळसा घालून आहे, दीड-दोन तासांचा. पाळण्यानं गेलं तर पान खाऊन होईपर्यंत पलीकडं.

घळ मी दहा हातांवरून पाहिली आणि तिथंच खाली बसले. खाली ओढा घोंघावत होता. पाळणा म्हणजे चार फळ्या आणि कमरेइतका कठडा. "मी नाही येणार," मी सांगून टाकलं.

"ताई, इतक्या लांब आलीस ती कशासाठी? तुझ्याच मिस्त्रींचं आहे ना सगळं?"

"माझे मिस्त्री माझ्या ठिकाणी. मी जमिनीवर बरी."

"बरं, मग मी जाते. तुझ्यासाठी फोटो काढून आणते, जबड्याचा व्हिडिओपण काढते," असं म्हणून ती पाळण्याकडं निघालीसुद्धा. ती लहानपणापासून अशीच. मी नको म्हटलं की तिला ते करायचंच असतं.

पाळण्यापाशी सोनाबाईंचा पुतण्या किसन होता, चाळिशीचा. त्यानं पमीकडं नीट पाहिलं आणि म्हणाला, "बाई, दोर वाढलाय सकाळी. गाठ मारलीया. बसताय का?"

"अरे वा, वाढवलाय? मग तर बरंच झालं," पमी म्हणाली आणि कठडा ओलांडून आत बसली.

मलाही वाटलं, आखूड पडत असेल, तुकडा जोडून लांब केला असेल. किसन क्षणभर तिच्याकडं बघत राहिला. "धाडस हाय बाईंचं," तो म्हणाला, आणि तिला लाकडी दांडा दाखवला. "मधी कुटं थांबलाच, तर ह्यो वर वढून धरायचा. सोडायचा न्हाई पलीकडं पोचंस्तवर." पलीकडच्या दोघांना त्यानं हाळी दिली, पाळणा हलला, आणि मी डोळे मिटून घेतले.

डोळे मिटून काठाशी बसण्यात काही अर्थ नव्हता, म्हणून मी मागं वळून सोनाबाईंकडं आले. त्या एका दगडावर तबक घेऊन बसल्या होत्या. तबकात हळदकुंकू, दोन फुलं आणि हातभर लांबीचा दोराचा तुकडा. त्याचं एक टोक कापलेलं होतं. दुसरं पिंजलेलं, धागे झिंज्यांसारखे सुटलेले. सोनाबाई त्या पिंजलेल्या टोकाला कुंकू लावत होत्या.

"हे काय?" मी विचारलं.

"सकाळी वाढला त्यो. सांजच्याला व्हळात सोडायचा."

मी त्या टोकाकडं बघत राहिले. आणि मग एकदम माझ्या हातातल्या काचेच्या बांगड्यांकडं माझी नजर गेली. बांगडी पिचली तर आम्हीही काय म्हणतो? वाढली म्हणतो. मंगळसूत्राचा दोरा गेला तरी वाढवलं म्हणतो. तुटलं, फुटलं हे शब्द सवाष्णीच्या लेण्याला कुणी लावत नाही. आणि या लोकांनी तर या दोराची ओटी भरली होती!

"तुटलाय तो?" मी ओरडले.

सोनाबाईंनी पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. "तसं म्हनू नगा, बाई."

मी तो हात झटकला आणि काठाकडं पळाले. किसन दोर हळूहळू सोडत होता. पमी मधल्या उताराला लागली होती, तिची पिवळी ओढणी उडत होती. "थांबवा, परत ओढा तिला!" मी म्हणत होते, तोवर किसननं दोर रोखला, दोराला ताण बसला, आणि गाठ निसटली. मी ती निसटताना पाहिली. दोराचं टोक सपकन हवेत उडालं आणि पाळणा सुसाट खाली निघाला. पमीची किंकाळी ओढ्याच्या आवाजावरूनही ऐकू आली. मग लोखंडावर लोखंड आपटल्याचा कर्कश आवाज झाला आणि पाळणा थांबला. जोरजोरात झुलत राहिला, पण थांबला.

"धरलं तात्यानं," सोनाबाई माझ्या मागून म्हणाल्या.

किसन घामानं निथळत होता. "मी सांगितलं व्हतं की बाईंना. दोर वाढलाय म्हनलं, गाठ मारलीया म्हनलं. त्या म्हनल्या बरं झालं." मला त्याची मानगूट धरावीशी वाटत होती आणि तो अगदी खरं बोलत होता.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"पलीकडचा दोर शाबूत हाय. त्ये वढून घेतील. पर तात्याला आदी सोडवाया पायजे. दांडा त्या बाईंच्या हातात हाय. हितनं आपल्याला काय बी करता येत न्हाई."

पमी पाळण्याच्या तळाशी अंगाचं मुटकुळं करून बसली होती, दोन्ही हातांनी कठडा आवळून. दांडा तिच्या डोक्याजवळच होता. तो धरायला कठडा सोडायला हवा, आणि तो ओढला की पाळणा पुन्हा धावणार. हे तिला माहीत होतं. मी असते तर जन्मभर तिथंच बसून राहिले असते, असं मला वाटलं, आणि त्याच क्षणी मी ओरडू लागले. "पमे, दांडा ओढ! पमे, सोड ते! काही होत नाही गं!" काही होत नाही, हे मी म्हणत होते! माझा घसा फाटला. तिची मान हललीसुद्धा नाही. पलीकडची माणसं दोर ताणून धरून तयार उभी होती आणि आम्ही सगळे एका घाबरलेल्या बाईच्या हाताकडं बघत होतो. किती वेळ गेला, ठाऊक नाही. मला आईचा चेहरा दिसत होता. आईला मी काय सांगणार, एवढंच डोक्यात होतं.

मग पमीनं मान वर केली, माझ्याकडं पाहिलं. तिचा उजवा हात कठड्यावरून सुटला. तो दांड्यापर्यंत गेला, आणि तिनं दांडा ओढला. पाळणा पुन्हा घसरला, तारेच्या मधल्या झोळाशी गेला, आणि पलीकडचे दोघं "वढ, वढ" करत तिला वर घेऊ लागले. शेवटपर्यंत तिनं दांडा सोडला नाही. ती पलीकडं जमिनीवर उतरलेली दिसली तेव्हा मी रडत होते आणि सोनाबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

संध्याकाळ

पमीला जीपनं वळसा घालून आणलं. ती उतरली तेव्हा तिच्या तळहातांवर कठड्याच्या फळीचे वळ होते. मी तिला आधी मिठी मारली, मग एक धपाटा घातला. सोनाबाईंनी दोघींवरून मीठमोहऱ्या उतरवल्या आणि गूळ घातलेला कोरा चहा दिला. किसन अंगणात पाठमोरा बसून नव्या दोराचा वेढा सोडवत होता.

"माझा आवाज शेवटी ऐकू आला ना तुला?" मी पमीला विचारलं. खरं सांगायचं तर मला थोडा अभिमान वाटत होता.

"आवाज? ताई, मला काहीच ऐकू येत नव्हतं. पाण्याचाच आवाज होता नुसता. मी ठरवलं होतं, इथून हलायचं नाही. कुणीतरी येईल, काहीतरी करेल."

"मग?"

"मग मी वर बघितलं तर तू चालत येत होतीस."

"कुठं?"

"कड्याकडं. माझ्याकडं बघत, हात पुढं करून. खाली बघतच नव्हतीस. म्हटलं, मी इथून हलले नाही तर ही बाई काही थांबत नाही."

मी हसले. म्हटलं, काहीतरी बोलू नकोस, मी सोनाबाईंच्या शेजारीच उभी होते. सोनाबाईंनी कपबशी खाली ठेवली. "मी पदर धरला व्हता तुमचा," त्या म्हणाल्या. "दोनी हातांनी."

मी खांद्याशी हात नेला. पदराची पिन वाकून उघडली होती आणि तिथं साडी वीतभर फाटलेली होती. मला यातलं काहीच आठवत नव्हतं. आजही आठवत नाही.

उजेड होता तोवर निघायचं ठरलं. दारात चपला शोधल्या तर माझी एकच होती. पळताना कुठंतरी निघाली असणार, म्हणून मी काठाकडच्या गवतात लांबूनच नजर फिरवू लागले, तेव्हा किसननं दोर सोडवता सोडवता मान वर केली.

"ती नगा शोधू, बाई," तो म्हणाला. "ती तवाच खाली गेली. मी बघितली जाताना."